जोत्याची उंची: वडोदऱ्यातल्या एका टेनामेंटचं प्रकरण

वडोदऱ्याच्या दक्षिणेला, मांजलपूर-मकरपुरा पट्ट्यात, १९९१ साली बांधलेलं टेनामेंट. तळमजला ६५० चौरस फूट, वर दोन खोल्या आणि गच्ची, पुढे पोर्च, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. सोसायटीत ४० घरं, मध्ये कॉमन प्लॉट, आणि मागच्या बाजूनं पावसाळी पाण्याची कांस, म्हणजे नाला, जाते. घर बघायला आलेलं कुटुंब पाच जणांचं: नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. आतापर्यंतचं सगळं आयुष्य दांडिया बाजारात गेलेलं, त्यामुळे सासूबाईंची अट एकच: देऊळ आणि दवाखाना पायी जाण्याइतके जवळ असावेत.

एजंटच्या कागदावर शाळा, बाजार, बाग, हॉस्पिटल, बसथांबा सगळं होतं आणि प्रत्येकापुढे किलोमीटर लिहिलेले होते. आतला रस्ता पेव्हर ब्लॉकचा, नवा. त्या नव्या रस्त्यापाशीच या घराची खरी अडचण होती.

पातळी मोजली तेव्हा

अशा घरात पहिलं काम भिंती ठोकून बघण्याचं नाही, पातळी मोजण्याचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. अर्धा इंची पारदर्शक नळी ४० फूट घ्यावी, पाणी भरावं, बुडबुडा एकही राहू देऊ नये (राहिला की मोजमाप इंच-दोन इंच खोटं येतं), एक टोक रस्त्याच्या मध्यावर उभ्या पट्टीला आणि दुसरं घरातल्या फरशीवरच्या पट्टीला लावावं. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की पट्ट्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे पातळीतला फरक.

आजच्या रस्त्याला शून्य धरून या घराचे आकडे असे आले. घरातली कोटा फरशी ७ इंच वर. ओटा ४ इंच वर. पुढचं अंगण ४ इंच खाली, म्हणजे पाऊस पडला की रस्त्याचं पाणी अंगणात येणार. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकणही त्याच पातळीवर, ४ इंच खाली. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण ५ इंच खाली.

१९९१ च्या मूळ नकाशात जोतं रस्त्यापासून १८ इंच दाखवलेलं आहे. घर खचलेलं नाही; रस्ता ११ इंच चढला आहे. जुना थर न खरवडता त्यावर दुसरा डांबरी थर, मग तिसरा, मग वाळूवर पेव्हर. वडोदऱ्यातल्या जुन्या सोसायट्यांत हे फार ठिकाणी झालेलं आहे आणि घर घेणारा माणूस नवा रस्ता बघून उलट खूश होतो.

पुराची खूण शोधणं पुढचं काम. नवीन रंगाखाली ती लपते, पण लाकडी चौकटीच्या पायाशी, जिन्याखालच्या कोनाड्यात आणि मीटरच्या पेटीच्या मागे सापडते. आणि शेजारच्या काकींना विचारलं की त्या बोटानं भिंतीवर दाखवतात. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत इथे पाणी ओट्यावर दोन इंच चढलं, उंबऱ्याच्या आत गेलं नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मात्र फरशीवर ११ इंच आलं. रस्त्याला शून्य धरलं तर १८ इंच. हा १८ चा आकडा या प्रकरणात पुन्हा पुन्हा लागणार आहे.

त्या पुराचं गणित समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती ठरवता येत नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधोमध वळणं घेत जाते. शहराला पाणी देणारा आजव्याचा तलाव, सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या काळात बांधलेला, भरला की त्याचं जादा पाणीही विश्वामित्रीतच येतं. म्हणून वडोदऱ्यात पाऊस थांबल्यावरही पूर चढू शकतो. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. नदी इतकी भरली की भुखी, रूपारेल, मसिया यांसारख्या कांसांचं पाणी नदीत उतरत नाही, मागे तुंबतं. नदीपासून दोन-तीन किलोमीटर दूरच्या सोसायटीत पाणी शिरतं ते असं. या घरी ते आधी रस्त्यावरून नाही, न्हाणीघराच्या जाळीतून आलं.

ड्रेनेज: न्हाणीघरातून पाणी का आलं

घराच्या चेंबरचं झाकण रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा ५ इंच खाली. मुख्य लाइन भरली की पाणी सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधतं आणि ते तोंड या घराचं होतं. पूर सोडून द्या, साध्या जोराच्या पावसातही हेच होणार.

दुसरा दोष उताराचा. घराच्या चेंबरपासून मॅनहोलपर्यंत १२ मीटर पाइप, ११० मि.मी.चा. इतक्या व्यासाला ६० ला १ उतार धरावा, म्हणजे १२ मीटरला २०० मि.मी. चेंबरचा आणि मॅनहोलचा तळ मोजला तर फरक फक्त ९० मि.मी., म्हणजे १३३ ला १. अशा पाइपमध्ये पाणी पुढे जातं आणि मैला मागे बसतो. दर चार-सहा महिन्यांनी जेटिंगचं मशीन बोलवावं लागत असल्याचं घरमालकांनी सांगितलं, त्याचं कारण हेच. पाइप "जुना झाला" हे नव्हे. नुसता पाइप बदलून उतार वाढत नाही. मॅनहोलचा तळ आपल्या हातात नाही, म्हणून घराच्या चेंबरचा तळ ११० मि.मी. वर घ्यावा लागतो. आणि तो वर घ्यायचा तर संडासाचं भांडं वर जायला हवं. इथे ड्रेनेज आणि फरशी हे दोन प्रश्न एक झाले, आणि फरशी उचलण्याच्या बाजूनं निर्णय झुकला.

किती उचलायचं

जॅक लावून अख्खं घर उचलण्याचा सल्ला हल्ली लगेच मिळतो. स्वतंत्र बंगल्याला तो विचारात घेता येतो. सामाईक भिंतीच्या टेनामेंटला नाही, कारण शेजाऱ्याचा स्लॅब त्याच भिंतीवर बसलेला आहे.

उरतं फरशी उचलणं. पुराची पातळी १८ आणि वर ६ इंच मोकळीक धरली तर फरशी २४ वर हवी, म्हणजे १७ इंच भर. पण खोलीची उंची १० फूट. १७ इंच गेले की ८ फूट ७ इंच राहतात, सुमारे २.६२ मीटर, राहत्या खोलीला २.७५ मीटर किमान धरतात. उन्हाळ्यात ४३-४४ अंश तापणाऱ्या गावात खाली आलेल्या स्लॅबखाली झोपणंही जड जातं. म्हणून ९ इंच भर ठरली. उंची ९ फूट ३ इंच उरते, फरशी १६ वर येते. २०२४ इतका पूर आला तर २ इंच पाणी दाराशी राहील, आणि ते अडवायला दाराला फळी पुरते. अख्खे ११ इंच अडवायचे असते तर फळीच्या भरवशावर राहणं चुकीचं ठरलं असतं. इतक्या दाबाला पाणी विटांच्या सांध्यांतून आणि फरशीखालून वर येतं.

९ इंचांत थर असे: जुनी कोटा फरशी तशीच ठेवून त्यावर ३ इंच दाबलेली क्वॉरी डस्ट (खाणीतल्या दगडाची भुकटी), मग ४ इंच काँक्रीट, मग २ इंचात मसाला आणि टाइल. डस्ट सैल मापानं सुमारे २ ब्रास, म्हणजे २०० घनफूट, लागते. पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरनं बसवावी. अंगणातली काळी माती भरायला वापरू नये, फुकट मिळाली तरी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन वर्षांत टाइल पोकळ वाजू लागतात.

या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक ओलीची. जुन्या जोत्याच्या पातळीवर भिंतीत ओलरोधक थर असतो. भर त्याच्या वर गेली की भरावातली ओल थेट थराच्या वरच्या विटांना लागते, थर असून नसल्यासारखा. सहा महिन्यांत गिलावा फुगतो आणि दोष रंगाला दिला जातो. म्हणून भर घालण्यापूर्वी भिंतींचा गिलावा नव्या फरशीच्या वर ६ इंचांपर्यंत काढून विटांवर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनं. काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडाला एक फूट आच्छादन, आणि कडा भिंतीवर वळवलेल्या. वाळवीचं औषध याच वेळी, नंतर नाही.

फरशी उचलली की घरातली बाकी मापं बिघडतात, आणि बजेट तिथेच चुकतं. दारांची उंची ७ फुटांवरून ६ फूट ३ इंच होते. चौकट वर घ्यायची तर लिंटेलही (दारावरची आडवी तुळई) वर जातं. भिंती भार घेणाऱ्या असल्यामुळे वरच्या विटांना टेकू देऊन एका वेळी एकच दार फोडायचं, नव्या लिंटेलला दोन्ही बाजूंना ६ इंच बसण्याची जागा द्यायची. खिडकीचा कट्टा ३ फुटांवरून २ फूट ३ इंचांवर येतो, तिथे जाळी हवी. ओट्यापासून आत शिरायला आता १२ इंच चढ होतो, मध्ये ६ इंचांची एक पायरी द्यावी लागते. किचनचा कट्टा, प्लगचे पॉइंट, सगळंच हलतं. प्लग ३ फूट ६ इंचांवर घ्यावेत आणि वायर छताकडून खाली उतरवावी. तळमजल्याचं सर्किट वेगळं, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच), म्हणजे खाली पाणी आलं तरी तेवढं बंद करून वरच्या मजल्यावर दिवा-पंखा राहतो.

जिन्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पायऱ्या ७ इंची. ९ इंच भर पडल्यावर पहिली पायरी गडप होते आणि दुसरी फक्त ५ इंच उरते. खालची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच ठेंगणी असणं म्हणजे सासूबाईंच्या पायाला ठेच ठरलेली. उपाय साधा आहे: दुसरी पायरी दीड इंच, तिसरी एक इंच, चौथी अर्धा इंच जाड करायची. मग खालचे चारही चढ साडेसहा इंचांचे होतात आणि तिथून वर सात. अर्ध्या इंचाचा फरक पाय सांभाळून घेतो. हॉलमधल्या झोपाळ्याच्या साखळ्याही ९ इंच आखूड करायच्या, हे सुताराला आधी सांगून ठेवलेलं बरं.

संडासाचं भांडं ९ इंच वर गेल्यामुळे चेंबरचा तळ ११० मि.मी. उचलता आला आणि पाइपला ६० ला १ उतार मिळाला. चेंबरच्या कडा रस्त्याच्या वर ६ इंचांपर्यंत बांधल्या. चेंबर आणि मॅनहोल यांच्यामध्ये ११० मि.मी.चा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), स्वतःच्या छोट्या चेंबरमध्ये, वरून उघडून साफ करता येईल असा. पाण्यासोबत आलेला केस-चिंध्यांचा गुंता झडपेत अडकला की ती बंदच होत नाही. मे महिन्याच्या शेवटी एकदा उघडून धुवायची. आणि झडप बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. पुराच्या दिवशी वॉशिंग मशीन लावलं तर न्हाणी आपल्याच पाण्यानं भरते.

पिण्याचं पाणी

नळाला दिवसातून एकदा ४५ मिनिटं पाणी. १० लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर, एका वेळेला ३६० लिटर. पाच माणसांना माणशी १३५ लिटरनं ६७५ लागतात. उरलेले ३१५ सोसायटीच्या बोअरचे, ज्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ११५० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं मानतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणून दोन पाणी दोन टाक्यांत: नळाचं स्वयंपाक-पिणं-आंघोळीला, बोअरचं फ्लश, फरशी आणि झाडांना. दोन्ही एकाच टाकीत सोडण्याची सवय इथे घरोघरी आहे आणि त्यात चांगल्या पाण्याचं नुकसान होतं.

नळाच्या लाइनला थेट मोटर लावलेली होती. ती पहिल्या दिवशी काढायला लावली. नियम तर आहेच, पण कारण जास्त महत्त्वाचं: मोटर ओढते तेव्हा पाइपमध्ये दाब उणा होतो आणि जवळच्या गटाराचं पाणी जुन्या सांध्यांतून आत खेचलं जातं. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत आपल्या दाबानं पडू द्यावं, तिथून मोटरनं वर चढवावं.

ती टाकी ६ बाय ४ बाय ५ फूट, सुमारे ३,४०० लिटर. चेंबरपासून अंतर फक्त ४ फूट आणि झाकण अंगणाच्या पातळीला. २०२४ मध्ये तिच्यात काय गेलं असेल हे वेगळं सांगायला नको. टाकीची मान २८ इंच वर बांधून झाकण २४ वर आणलं, आतून गिलावा आणि वॉटरप्रूफिंग नव्यानं, हवेच्या पाइपला उलटा वाक आणि जाळी. निर्जंतुकीकरणाला टाकी पूर्ण भरून अर्धा किलोपेक्षा थोडी जास्त ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओतायचं, २४ तास ठेवायचं, मग सगळं पाणी काढून टाकायचं. जुनी, दमट झालेली पावडर वापरली तर हिशोब कागदावरच राहतो.

भिंतीवरची भेग आणि लिंब

पुढच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, वर रुंद, खाली बारीक. भिंतीपासून ८ फुटांवर मोठा कडुलिंब. काळ्या मातीतलं पाणी मुळं ओढून घेतात, माती आकसते, पायाचा तो कोपरा बसतो. झाड एकदम तोडणं हा उपाय नाही. तोडल्यावर माती परत पाणी पिऊन फुगते आणि कोपरा वर उचलला जातो. फांद्यांचा घेर दोन टप्प्यांत, वर्षाच्या अंतरानं कमी करायचा, घराभोवती ३ फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा बाहेर उतार देऊन घालायचा, आणि गच्चीचं पाणी पायाशी न सोडता पाइपनं लांब न्यायचं. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवून तारीख लिहिली. ती एक उन्हाळा आणि एक पावसाळा टिकेपर्यंत भेग बुजवायची नाही.

आसपासच्या सोयी

एजंटच्या यादीतलं प्रत्येक ठिकाण दोनदा तपासलं: एकदा संध्याकाळी सात वाजता सासूबाईंच्या चालीनं, आणि एकदा जुलैत, जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरात. दुसऱ्या फेरीत यादी निम्मी झाली.

देऊळ ३५० मीटर, वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा नाही, तेवढं पक्कं. भाजीच्या हातगाड्या आणि दुधाचं केंद्र सोसायटीच्या तोंडाशी. अर्बन हेल्थ सेंटर ९०० मीटर, पण मधला १५० मीटरचा तुकडा पावसात घोट्यापर्यंत पाण्यात. तापाच्या रुग्णाला नेमकं पावसाळ्यातच जायचं असतं. त्यापेक्षा सव्वा किलोमीटरवरचा खासगी दवाखाना, उंच रस्त्यावरचा, आजींच्या दृष्टीनं जवळचा धरला. मोठ्या दुखण्याला लालबाग ओव्हरब्रिजवरून राजमहाल रोड आणि तिथून सयाजी हॉस्पिटल. रेल्वे ओलांडायला पूल आहे ही मोठी गोष्ट. या शहरात गरनाळ्यांवर (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांवर) अवलंबून राहू नये; अलकापुरीचं गरनाळं थोड्या पावसात भरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

कॉमन प्लॉट ही या सोसायटीची खरी श्रीमंती: मुलांचं क्रिकेट, दहा दिवसांचा गणपती, नऊ रात्रींचा गरबा. पण त्याच्या सभोवती पेव्हर लावून सगळं पाणी रस्त्यावर सोडलेलं आहे. प्लॉट मुद्दाम खोलगट ठेवला तर तो तासभराचं पाणी पोटात घेतो आणि घरं वाचतात. समितीच्या बैठकीत मांडण्यासारखा हा मुद्दा आहे, खेळायला एक दिवस चिखल झाला तरी. कांसेला लागून असलेल्या मागच्या फाटकाखाली ७ इंच फट होती, ती जाळीनं बंद केली. पुरात मगरी सोसायट्यांत येतात. पाणी उतरताना अंधारात अंगणात उतरू नये आणि दिसली तर वनखात्याला कळवावं.

कागद

मागचं स्वयंपाकघर रजाचिठ्ठीतल्या (बांधकाम परवान्यातल्या) नकाशात नाही, मार्जिनमध्ये, म्हणजे मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधलेलं आहे. किंमत ठरवताना ते क्षेत्रफळात धरू दिलं नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स आणि वेरा बिल (घरपट्टी) थकीत नसल्याचा दाखला, ट्रान्स्फर फी किती ते लेखी. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर नोंदणी फी माफ. घर सुनेच्या एकटीच्या नावावर घेतलं.

किमतीची बोलणी पातळीच्या कागदावर झाली. रस्ता शून्य, फरशी ७, पूर १८ हे तीन आकडे आणि त्यामागची कामं लिहून दिल्यावर घरमालकांनी फरशी, ड्रेनेज आणि टाकी यांच्या अंदाजाइतकी रक्कम कमी केली. काम दिवाळीनंतर सुरू केलं, माती वाळलेली असताना. आधी ड्रेनेजची मापं, मग भिंतींचा लेप, मग भर, शेवटी दारं आणि जिना.

गेटच्या खांबात रस्त्याच्या पातळीला पितळी खिळा ठोकलेला आहे. पुढच्या वेळी रस्ता होण्याआधी जुना थर खरवडून मगच नवा टाकावा, असा अर्ज सोसायटीच्या चाळीस घरांच्या सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसात दिला आहे, आणि त्याची पोच फाइलमध्ये मूळ नकाशाच्या मागे लावली आहे.